सांदवाडीतले सोबती : आधी पाहा, मग फवारा

(रेडिओवरील शेती कार्यक्रमात दिलेले भाषण)



धानाविषयी, खताविषयी, बियाण्याविषयी तुम्ही या कार्यक्रमात नेहमीच ऐकता. आज मी तुम्हाला घराच्या मागच्या दाराने बाहेर नेणार आहे. म्हणजे परसबागेत. आपल्या मूलकडे तिला सांदवाडी म्हणतात. ती दोन गुंठे असो की दोन खाटा मावतील एवढी असो, न्हाणीचे पाणी, गोठ्यातले शेण आणि चुलीची राख एवढ्यावर ती जगते आणि घराला भाजी पुरवते. बहुतेक घरी बायाच ती सांभाळतात. आपण पुरुष मंडळी तिकडे फारसे बघत नाही. मीही बघत नव्हतो. बघायला कसा लागलो, ते आधी सांगतो.

माझी चूक

मी मूलच्या बाजूचाच एक धान पिकवणारा शेतकरी आहे. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पोळा होऊन पंधरा दिवस झाले असतील. बांधीत तुडतुडे दिसले म्हणून मी दुकानातून औषध आणले आणि दिवसभर फवारणी केली. संध्याकाळी पंपात दोन-अडीच लिटर औषध उरले. वाया कशाला घालवायचे, असा विचार केला आणि घरी येऊन सांदवाडीतल्या वांग्यांवर, वालावर आणि भोपळ्याच्या मांडवावर ते मारून टाकले. कुणाला सांगितले नाही. सांगण्यासारखे त्यात काही आहे, असे वाटलेच नाही.

माझी धाकटी पोरगी तेव्हा सहा वर्षांची होती. तिने मांडवाखालची काकडी तोडली आणि न धुता खाल्ली. रात्री तिला ओकाऱ्या सुरू झाल्या, तोंडाला लाळ सुटली, घाम फुटला. आम्ही तिला तसेच उचलून सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी विचारले, काय खाल्ले? तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी औषधाचे नाव सांगू शकलो म्हणून उपचार लवकर झाले. तीन दिवसांनी पोर घरी आली. आज ती धडधाकट आहे, पण ती रात्र मी विसरलेलो नाही.

घरी आल्यावर माझी आई मला एवढेच म्हणाली, "काहून रे बापू, औसद किड्याले मारलास का आपल्या ताटाले?"

दुसऱ्या दिवशी मांडवाखाली गेलो. खाली मधमाश्या मरून पडल्या होत्या. त्यानंतर दोन-तीन आठवडे भोपळ्याला फुले भरपूर आली, पण फळ धरेना. बोराएवढे झाले की पिवळे पडून गळून जायचे. वांग्यातली अळी मात्र जशीच्या तशी होती. ती फळाच्या आत बसलेली, तिला औषध लागणार कसे? जे आपले काम करत होते ते मेले आणि जे आपले खात होते ते वाचले. त्या दिवसापासून मी रोज सकाळी पाच-दहा मिनिटे सांदवाडीत नुसता उभा राहून बघतो. काय दिसते, ते ऋतूप्रमाणे सांगतो.

रोहिणी ते पुष्य : पावसाची सुरुवात

मे महिन्याच्या शेवटी पावशा ओरडू लागतो. कडुनिंबाखाली पिकलेल्या निंबोळ्या पडू लागतात. त्या तेव्हाच वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवा. वर्षभराचे औषध त्यात आहे. ते कसे करायचे, ते शेवटी सांगतो.

मृगाचा पाऊस पडला की भेंडी, बरबटी, दोडके, कारले, काकडी, भोपळा, कोहळा आणि वाल टोबायचे. वांगी आणि मिरचीचे रोप टाकायचे. कुंपणाला काटवलाचे कंद लावायचे असतील, तर एक गोष्ट ध्यानात घ्या. काटवलात नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा असतो. नुसते मादी वेल लावले, तर फुले येतील, फळ धरणार नाही. आठ-दहा मादी वेलांमागे एक नर वेल हवाच. पुष्कळ लोक नर वेलाला वांझ समजून उपटून टाकतात. असे करू नका.

याच दिवसांत बोडीत आणि बांधीत बेडके ओरडू लागतात. मोठ्या बेडकाचा नर पहिल्या पावसात हळदीसारखा पिवळा होतो. पोरे त्याला दगड मारतात. त्यांना समजावून सांगा. बेडूक रात्रभर किडे, नाकतोडे आणि अळ्या खात असतो. एके काळी आपल्या देशातून बेडकाच्या तंगड्या परदेशी जात. त्यासाठी लाखो बेडके मारली गेली. शेवटी १९८७ साली सरकारने ही निर्यात बंद केली. सांदवाडीच्या कोपऱ्यात सावलीत फुटके मडके आडवे पुरून ठेवा. बेडूक त्यात दिवसा राहतो आणि रात्री राखण करतो.

आणखी एक. पावसाबरोबर तरोटा, कुरडू, धोपा आपोआप उगवतात. ही न लावता मिळणारी भाजी आहे. घरामागे तणनाशक मारू नका. गवत हाताने काढा आणि भाजी ठेवा.

साप : पूजा एक दिवस, काठी वर्षभर

पाऊस पडला की बिळात पाणी शिरते आणि साप वर येतात. उंदीर आणि बेडूक जिथे असतील, तिथे साप येणारच. नागपंचमीला आपण नागाची पूजा करतो आणि दुसऱ्या दिवशी जो साप दिसेल त्याच्यावर काठी घेऊन धावतो. त्यात सर्वांत जास्त मरते ती बिचारी धामण. धामण लांब असते, चपळ असते, म्हणून भीती वाटते. पण ती बिनविषारी आहे. ती गाईचे दूध पीत नाही. कोणताच साप दूध पिऊन जगत नाही. धामण उंदीर खाते, आणि उंदीर तुमच्या कणगीतले धान खातो. याचा हिशेब तुम्हीच करा. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापाला मारणे गुन्हा आहे.

पण विषारी साप ओळखता आला पाहिजे. आपल्या राज्यात नाग, घोणस, मण्यार आणि फुरसे हे चार साप माणसाच्या जिवाला मुख्य धोक्याचे. त्यांतली मण्यार फार कपटी. ती रात्री हिंडते, घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. रंग काळा-निळा, चकचकीत. अंगावर पांढऱ्या बारीक आडव्या रेघा. चावलेले पुष्कळदा कळतसुद्धा नाही. जागा सुजत नाही, दुखत नाही. पहाटे पोट दुखते, डोळ्यांच्या पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही. असे झाले तर अंगारा-धुपाऱ्यात एक मिनिटही घालवू नका. जखम कापू नका, चोखू नका, दोरी आवळून बांधू नका. चावलेला हात किंवा पाय हलू न देता माणसाला सरळ सरकारी दवाखान्यात न्या. सापाच्या विषावरचे इंजेक्शन तिथे मिळते. साप पकडून नेण्याची गरज नाही.

पावसाळ्यात खाटेवर झोपा आणि मच्छरदाणीची कड गादीखाली खोचा. काड्या-सरपण, कवेलू आणि विटांचा ढीग घराच्या भिंतीला लागून ठेवू नका. सकाळी अंधारात भाजी तोडायला जाऊ नका. रात्री मागच्या दारी जाताना हाती बॅटरी आणि पायात जोडा पाहिजेच.

आश्लेषा ते हस्त : फुलांचे आणि फवाऱ्याचे दिवस

हा काळ नीट समजून घ्या, कारण माझी चूक याच दिवसांतली. रोवणा आटोपलेला असतो, सांदवाडीत वेल मांडवावर चढलेले असतात, आणि नेमक्या त्याच वेळी धानावर किडी येतात म्हणून हातात पंप असतो.

भोपळा, काकडी, दोडका, कारले यांच्या एकाच वेलावर नर फुले वेगळी आणि मादी फुले वेगळी येतात. मादी फुलाच्या देठाशी इवलेसे फळ असते. नर फुलाला नुसता लांब देठ असतो. नराचा पराग मादीपर्यंत पोचला नाही, तर ते फळ वाढत नाही, गळून पडते. हा पराग पोचवते कोण? मुख्यतः मधमाशी. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि ऊन चढले की मिटते. म्हणून सकाळी मांडवाजवळ उभे राहा. सातेरी माशी दिसेल, लहानशी फुलोरी माशी दिसेल, काळा भुंगा दिसेल. दोडका आणि दुधी भोपळा मात्र संध्याकाळी उमलतात. त्यांच्यावर रात्रीचे पतंगसुद्धा हे काम करतात. तेव्हा दिवेलागणीला दिसणारा प्रत्येक पतंग शत्रू नसतो.

पावसाची झड लागली आणि माश्या फिरेनाशा झाल्या, तर हे काम हाताने करता येते. ते माझ्या आईने मला दाखवले. सकाळी लवकर ताजे उमललेले नर फूल तोडावे, त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलक्या हाताने फिरवावा. एका नर फुलात दोन-तीन मादी फुले होतात. त्या वर्षी आमच्या घरी जे चार भोपळे मिळाले, ते असेच मिळाले.

आता किडीचे बघू. वांग्याचा शेंडा मान टाकून लोंबत असेल, तर आत अळी आहे असे समजा. तो शेंडा अळीच्या खालून तोडून नष्ट करा. भोक पडलेली वांगीही झाडावर ठेवू नका. आठवड्यातून एकदा नेमाने हे केले, तर चार-सहा झाडांना औषधाची गरज पडत नाही. काकडी-कारल्यात फळमाशी अंडी घालते. फळ वाकडे होते, सडते, गळते. अशी फळे वेचून दीड-दोन फूट खोल पुरा. उकिरड्यावर टाकू नका. टाकली, तर आतली अळी मातीत जाऊन कोष करते आणि पुन्हा माशी होऊन येते. फळमाशीच्या नरांना ओढून घेणारे गंधसापळेही कृषी केंद्रात मिळतात. एक-दोन सापळे मांडवाला टांगले की पुरे.

पक्ष्यांकडेही पाहा. गायबगळे बैलामागे चालतात, कारण बैलाच्या पायाने उडालेले किडे त्यांना मिळतात. काळा, दुभंगलेल्या शेपटीचा कोतवाल उंच काडीवर बसतो आणि उडता किडा हवेतच पकडतो. त्याच्यासाठी इंग्रजी टी अक्षरासारख्या दोन-तीन काड्या सांदवाडीत आणि धुऱ्यावर रोवा. रात्री याच काड्यांवर पिंगळा येऊन बसतो आणि उंदीर धरतो. घुबड घरावर बसले की अपशकुन, ही समजूत आता सोडून द्या.

चित्रा, स्वाती आणि थंडी

पाऊस सरला की मुळा, पालक, मेथी, सांबार, टमाटर, कांदा, लसूण लावायचे. शेपटी खालीवर हलवणारा धोबी पक्षी अंगणात दिसू लागला, म्हणजे थंडी आली असे समजा. तो हिमालयाकडून येतो आणि किडे वेचतो. बांधीत याच सुमारास उभ्या धानात लाखोळी टाकली जाते.

डिसेंबर-जानेवारीत वालाच्या शेंड्यांवर काळा मावा चढतो. घाबरू नका. जवळ जाऊन बघा. तांबड्या पाठीवर काळे ठिपके असलेला, अर्ध्या मुगाएवढा ढालकिडा दिसेल. तो मावाच खातो. त्याची अळी काळी, नारिंगी ठिपक्यांची, बारीक मगरीसारखी दिसते. तिला लोक कीड समजून चिरडतात. ही अळी दिवसाला डझनांनी मावा फस्त करते. वालाच्या एका वेलावर आठ-दहा ढालकिडे दिसले, तर आठवडाभर हात लावू नका. ते नसतील आणि मावा वाढत असेल, तर जोराने पाणी मारा किंवा निंबोळी अर्क फवारा. राख धुरळली तरी फरक पडतो. मुंग्या मात्र माव्याची राखण करतात, कारण त्याचा गोड रस त्यांना मिळतो. वेलावर मुंग्यांची रांग दिसली की मावा आला, हे ओळखा.

उन्हाळा : मोह, पळस आणि जंगलचे पाहुणे

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि सावर फुलते. गुलाबी-काळ्या भोरड्यांचे थवे फुलांवर येतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल पडते. इथून पुढे सांदवाडीचा प्रश्न किड्यांचा राहत नाही, मोठ्या जनावरांचा होतो. जंगलातले पाणी आटते आणि वानर, रानडुक्कर, अस्वल गावाकडे वळतात.

आपला मूल तालुका ताडोबाच्या शेजारचा. १९५५ साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६ साली अंधारी अभयारण्य झाले आणि १९९५ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ वाढले, ही चांगली गोष्ट आहे. पण आपल्या भागात माणसेही दगावली आहेत. ते दुःख ज्यांच्या घरी आले, त्यांना मी काय सांगणार? पण जे आपल्या हाती आहे, ते तरी करू.

घरामागे वेलींची आणि झुडपांची दाट जाळी होऊ देऊ नका. मांडव कमरेच्या वर ठेवा, खालची जागा मोकळी ठेवा. बिबट कोंबडी, बकरी आणि कुत्रा यांच्यासाठी गावात येतो, आणि लपायला जागा मिळाली तरच थांबतो. कोंबड्या-बकऱ्या रात्री दाराआड, पक्क्या जाळीत ठेवा. मेलेले जनावर गावाजवळ टाकू नका. पहाटे आणि संध्याकाळी अंधारात सांदवाडीत वाकून किंवा बसून काम करू नका. बसलेला माणूस वाघ-बिबट्याला जनावरासारखा दिसतो. मोह वेचायला एकटे जाऊ नका, उजाडल्यावर चौघे मिळून जा आणि बोलत राहा. अस्वल बेसावध गाठ पडली तरच अंगावर येते.

आणि हात जोडून सांगतो, डुकरासाठी कुंपणात वीज सोडू नका. त्या तारेला वाघ मरतो, बैल मरतो आणि अंधारात पाणी पाहायला गेलेला आपला माणूसही मरतो. हा गुन्हा तर आहेच. पिकाचे नुकसान झाले, तर वनखात्याकडे लगेच तक्रार द्या, पंचनामा करून घ्या आणि भरपाई मागा.

एप्रिलमध्ये सांदवाडीची माती खणून उलटी करून ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या उन्हात मातीतले कोष मरतात, उरलेले मैना आणि कोंबड्या वेचून खातात. पसरट भांड्यात पाणी ठेवा. चिमण्या पिलांना दाणे भरवत नाहीत, अळ्या भरवतात. तुमचे पाणी पिऊन त्या तुमच्याच सांदवाडीतले किडे नेतील.

औषध लागलेच तर

मी औषधाच्या विरुद्ध नाही. धानावर कीड हाताबाहेर गेली, तर फवारावे लागते. पण शेतातले औषध शेतातच राहिले पाहिजे. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कपाशीच्या उघड्या शेतात जे मोठ्या माणसांचे झाले, ते घरामागे लेकराचे व्हायला किती वेळ लागतो? मोनोक्रोटोफॉससारखे औषध भाजीपाल्यावर वापरायला तर २००५ सालापासूनच बंदी आहे.

औषध लागेल तेवढेच कालवा, म्हणजे उरणार नाही. डब्यावरचा त्रिकोण पाहा. लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. पंप बोडीत, नाल्यात किंवा विहिरीजवळ धुऊ नका. रिकामा डबा भोक पाडून निकामी करा. त्यात तेल-मीठ भरून ठेवू नका. विषबाधा झाली, तर कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि माणसाला दवाखान्यात नेताना औषधाचा डबा बरोबर न्या. माझ्या पोरीच्या वेळी नाव माहीत होते, म्हणून ती वाचली.

सांदवाडीसाठी निंबोळी अर्क पुरे. पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी फडक्याने गाळा, त्यात चिमूटभर साबणाचा चुरा मिसळा आणि संध्याकाळी फवारा. संध्याकाळी अशासाठी की तोवर मधमाश्या घरी गेलेल्या असतात. अर्क रोज ताजा करावा, शिळा वापरू नये.

मंडळी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण मारबत हाकलतो. गावातली रोगराई आणि किडे तिने घेऊन जावेत, म्हणून ओरडतो. या वर्षी ओरडून झाले की घरी जाऊन एकदा सांदवाडीत उभे राहा आणि हाकलायचे कोण, ठेवायचे कोण, हे नीट पाहून घ्या. घरातल्या बायांना विचारा. त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असते.

 

थोडक्यात ध्यानात ठेवा

१. धानाचे उरलेले औषध घरच्या भाजीवर कधीही मारू नये.
२. रोज सकाळी पाच-दहा मिनिटे सांदवाडीची पाहणी करावी.
३. वांग्याचे सुकलेले शेंडे आणि किडकी फळे दर आठवड्याला काढावीत. किडकी फळे खोल पुरावीत.
४. सकाळी फुले उमललेली असताना फवारणी करू नये.
५. बेडूक, धामण, ढालकिडा, कोतवाल आणि घुबड यांना मारू नये.
६. साप चावल्यास जखम न कापता, न बांधता तडक सरकारी दवाखान्यात जावे.
७. घरामागे दाट जाळी होऊ देऊ नये. अंधारात वाकून काम करू नये.
८. कुंपणात वीज सोडू नये.
९. निंबोळ्या मृगाच्या आधी वेचून ठेवाव्यात.